स्टीलचा डबा

शेजारच्या कामिनीने मोबाईलवर काहीतरी पाहून प्लास्टिकचे सगळे डबे काढून टाकले. "अक्का, त्याचे बारीक कण पोटात जातात!" तिच्या ओट्यावर स्टीलचे डबे चमकायला लागले आणि आमचे हेसुद्धा तिचंच कौतुक करत बसले.

माझा असा जळफळाट झाला, की दारावर आलेल्या भांडेवालीला माझी जुनी सुती लुगडी देऊन मी कामिनीपेक्षा मोठा डबा घेतला.

उन्हाळ्याचे पापड-बिबडे घालायला गच्चीवर गेले, तर अंथरायला लुगडंच नव्हतं! ज्वारीचं शिजलेलं गरमागरम पीठ मग प्लास्टिकच्या कागदावर थापलं.

वाळलेले बिबडे नव्या डब्यात भरून मिरवत कामिनीकडे नेले. तिने एक उचलून उलटा केला.

"अक्का, पाठीवर लुगड्याची वीण नाही उमटली. कशावर घातले?"