पारोळ्याच्या कौलाचा डबा

मित्रांनो, बाजारात तेलाचे रिकामे डबे तुम्हाला ढिगाने दिसतील. मीही त्यांच्यातलाच एक, आता बराच जुना झालेला. पण एका हिवाळ्यात पारोळ्यातल्या तीनशे माणसांनी आपल्या मनातली गोष्ट माझ्या पोटात ठेवली होती. तीच हकिकत आज तुम्हाला सांगतो.

जळगावच्या तेलगिरणीत माझ्यात सरकीचं तेल भरलं आणि मला पारोळ्याला पाठवलं. तिथे एका भज्यांच्या गाडीवर मी पंधरा दिवसांत रिकामा झालो. पुढे हनीफभाईंच्या दुकानात येऊन पडलो. हनीफभाई पत्र्याचं काम करत. धान्याच्या कोठ्या, चाळण्या, पेट्या सगळं त्यांच्या हातून घडायचं. माझंही एखादं रॉकेलचं नरसाळं होणार, अशी मी मनाची तयारी केली होती.

तेवढ्यात त्यांची मुलगी सबा आली. ती जळगावला संख्याशास्त्र शिकत होती. "अब्बा, मला एक डबा हवाय," ती म्हणाली. "वर चिठ्ठी जाईल एवढी फट, खाली कुलूप. आत टाकलेलं बाहेरून दिसता कामा नये."

हनीफभाईंनी मला गरम पाण्यात सोडा घालून तीनदा धुतलं, तेव्हा कुठे तेलाचा वास गेला. मग कात्रीने माझं तोंड सारखं केलं, वर फटीचं झाकण बसवलं, कडेला कथलाची झाळ देऊन ते जोडलं, खाली कुलूप लावलं आणि अंगाला निळा रंग लावला. सबाची आजी अमिनाबी लांबूनच म्हणाली, "हा तर नवरदेवच दिसतोय!" त्या दिवसासारखा थाट मी पुन्हा कधी अनुभवला नाही.

कारणही तसंच होतं. गावात नगराध्यक्षाची निवडणूक येणार होती. गावातल्या एका आघाडीने ठरवलं होतं, की आपला उमेदवार पुढाऱ्यांनी बंद खोलीत ठरवायचा नाही, आघाडीच्या सभासदांनी मतदान करून निवडायचा. इच्छुक दोघं होते. एक अखिल, कापडाच्या मोठ्या दुकानाचा तरुण मालक. दुसऱ्या कुंदाबाई, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स. आघाडीचे अध्यक्ष ज्ञानेश्वर आबा म्हणाले, "सभासदांनी मत देण्याआधी गावाचा कौल काय आहे, तो तरी त्यांना कळू द्या." ते काम त्यांनी सबाला दिलं.

सबाचे नियम कडक होते. दर विसावं घर घ्यायचं. मध्ये आवडीचं घर लागलं म्हणून थांबायचं नाही, गल्ली नकोशी वाटली म्हणून टाळायची नाही. घरातल्या ज्या मोठ्या माणसाचा वाढदिवस सगळ्यात अलीकडे होऊन गेला, त्यानेच चिठ्ठीवर अखिल, कुंदाबाई किंवा 'अजून ठरलं नाही' यापुढे खूण करून ती माझ्यात टाकायची. नाव लिहायचं नाही. मी सबाच्या काखेत बसून गावभर फिरलो. किल्ल्याच्या बाजूच्या गल्ल्या पाहिल्या, बाजार समितीमागची वस्ती पाहिली. लोक आधी दचकत आणि मग इतके खुलत, की चहा घेतल्याशिवाय सोडत नसत.

बाजार समितीत हमाली करणारे भिकन आबा चिठ्ठी हातात उलटसुलट करून बघू लागले. "मना मत कोन इचारस व माय?" ते म्हणाले. "आजलगुन कोनी इचारं नही."

"आजवर कोणी विचारलं नाही, म्हणूनच आले, आबा," सबा म्हणाली.

त्यांनी भिंतीकडे तोंड करून खूण केली आणि चिठ्ठी माझ्यात टाकली. मग माझ्यावर दोन बोटांनी टकटक केलं, जणू आत कोणी ऐकतंय की नाही ते बघत होते. मी ऐकत होतो.

एके दिवशी विसावं घर नेमकं अखिलचंच निघालं. अखिल हसत पुढे आला. पण वाढदिवसांचा हिशेब झाला तेव्हा त्याच्या आजीने, धापूबाईंनी, हात वर केला. "माझा जन्म धनतेरसचा. आता दिवाळीतच झाला की."

"म्हणजे उमेदवाराच्या घरात उमेदवारालाच चिठ्ठी नाही!" अखिल म्हणाला.

धापूबाईंनी डोक्यावरचा पदर पुढे ओढला, पदराआडच खूण केली आणि चिठ्ठी चार घड्या करून टाकली. "दादी, कोणाला?" अखिलने विचारलं.

"पोरीने सांगितलंय ना, सांगायचं नाही म्हणून!"

घरभर हशा पिकला. मित्रांनो, त्या चिठ्ठीवर कोणाची खूण होती, ते मला ठाऊक आहे. पण ते मी तुम्हालाही सांगणार नाही.

खरी परीक्षा शेवटच्या दिवशी झाली. जीवरामभाऊ बियाण्यांचे व्यापारी आणि अखिलचे खंदे समर्थक. त्यांनी सबाला चौकात गाठलं. "कशाला दारोदार फिरतेस? इथे चौकात उभी राहा, सगळे अखिलचंच नाव घेतील. आणि हा डबा जरा उघड. वारा कुठे वाहतोय ते बघू दे."

"मोजणी सगळ्यांसमोर होईल, भाऊ. आधी नाही."

"मग एवढं तरी कर." त्यांनी खिशातून चिठ्ठ्यांचा गठ्ठा काढला. सगळ्यांवर आधीच खुणा केलेल्या होत्या. सबाने माझ्या फटीवर हात ठेवला आणि ती चालू लागली.

संध्याकाळी जीवरामभाऊ थेट दुकानात आले. त्यांच्या दहा कोठ्यांचा पत्रा हनीफभाईंनी नुकताच कापून ठेवला होता. "मुलीला समजावा," ते म्हणाले, "नाहीतर कोठ्या मी धुळ्याहून आणतो."

हनीफभाईंनी हातोडी खाली ठेवली. "भाऊ, कोठ्या काय, दादर ज्वारी साठवायला कोणीही नेईल. पण लोकांनी कुलूप बघून चिठ्ठ्या टाकल्यात. ते कुलूप माझ्या हातचं आहे." जीवरामभाऊ पाय आपटत निघून गेले. सबा बापाकडे बघत राहिली, आणि माझा सगळा पत्रा अभिमानाने तापल्यासारखा झाला.

दुसऱ्या दिवशी सभागृहात मला टेबलावर ठेवून उघडलं. तीनशे चिठ्ठ्या निघाल्या. अखिल एकशे दोन. कुंदाबाई एकशे त्रेसष्ट. बाकीच्या पस्तीस जणांचं अजून ठरलं नव्हतं. जीवरामभाऊ उठून ओरडले, "रिकामा पत्राच जास्त वाजतो! चौकात तर कुंदाबाईंचं नावही कोणी घेत नाही!"

कुंदाबाई मागच्या रांगेत बसल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "चौकात उभं राहायला बायकांना वेळ कुठे असतो, भाऊ?"

पुढच्या रविवारी सभासदांचं मतदान झालं. कुंदाबाईच निवडून आल्या, आणि उमेदवारी त्यांना मिळाली. सगळ्यांचे डोळे अखिलकडे वळले. तो उठला, आपल्यासाठी आणलेला हार त्याने उचलला आणि कुंदाबाईंच्या गळ्यात घातला. "सिस्टर, मला चौक दिसत होता," तो म्हणाला, "गाव दिसत नव्हतं. उद्यापासून प्रचाराला मी तुमच्याबरोबर."

मग काय विचारता! ढोल आणायला माणूस धावला, पण लोकांना धीर कुठला? हनीफभाईंनी मलाच उलटं केलं आणि माझ्या पाठीवर ताल धरला. कुंदाबाईंच्या मैत्रिणींनी फेर धरला, धापूबाईही त्यात शिरल्या. माझ्या पाठीला तेव्हा पडलेले दोन पोचे अजून आहेत. मी ते मिरवतो.

पुढे सबाला धुळ्याला नोकरी लागली. ती आता टॅबवर लोकांची मतं नोंदवते. मी माळ्यावर गेलो. निळा रंग उडाला, कडांना गंज चढला, एका पावसाळ्यात झुरळांनी आत संसार थाटला. कोणी मला विचारेना. खोटं कशाला बोलू, फार उदास वाटायचं.

गेल्या वर्षी मुलींच्या शाळेतल्या रूपा मॅडम दुकानात आल्या. त्यांना मुलींसाठी सूचनापेटी हवी होती. हनीफभाईंनी मला खाली काढलं, घासलं, पुन्हा रंगवलं. आता मी शाळेच्या व्हरांड्यात असतो. पहिल्या आठवड्यात माझ्यात एकच चिठ्ठी पडली. वेड्यावाकड्या अक्षरात लिहिलं होतं, "आमच्या संडासाच्या दाराला कडी नाही. लाज वाटते."

आठव्या दिवशी कडी बसली. चिठ्ठी कोणाची, हे कोणीही विचारलं नाही. त्या महिन्यात माझ्यात एकेचाळीस चिठ्ठ्या आल्या.

मित्रांनो, माझ्यासारखा डबा तुमच्याकडे असेल, तर त्याला ओलाव्यापासून जपा, वर्षातून एकदा रंगाचा हात फिरवा. आणि त्याचं कुलूप काढायची पाळी तुमच्यावर आली, तर आधी थोडं थांबा. आत आपल्याला न आवडणारी चिठ्ठीही असू शकते. ती पूर्ण वाचायची तयारी असेल, तरच किल्ली फिरवा.