बनाबाईचं वेखंड

विंझरच्या वरच्या आळीत कुणाकडं पाळणा हलला की दुसऱ्या दिवशी बनाबाईच्या दारात माणूस हजर. कशाला, तर वेखंडाला. तिच्या रानाच्या खालच्या अंगाला झऱ्याचं पाणी बारमाही पाझरतं. त्या चिखलात तिनं तीस वर्षं वेखंड राखलेलं. वर हिरवी लांब पाती, आणि चिखलात बोटाएवढी जाड, उग्र वासाची मुळं. ती वाळवायची, उगाळायची आणि बाळाच्या पोटाला लावायची. दुकानातलं वेखंड बनाबाईला चालायचं नाही. "त्याला काय वास हाय का रूप!" म्हणायची नि घरचं फुकट वाटायची. तसं अवघड काही नाही त्यात, पण जीव लावावा लागतो. पाणी तुंबू द्यायचं नाही, गवत चढू द्यायचं नाही, दोन वर्षांनी गड्डे फोडून डोळा असलेला तुकडा पुन्हा रोवायचा.

गावच्या पोरांना पुरवलं, आणि घरच्याच पाळण्यानं दगा दिला. सून रत्नाला आठवा महिना होता. दिवाळीच्या तोंडावर भोरच्या दवाखान्यात मुलगी झाली, ती रडलीच नाही. बनाबाईचा मुलगा पप्पू ते गाठोडं घेऊन आला, एकटाच रानाकडं गेला आणि मातीत ठेवून आला. बायका अशा वेळी जात नाहीत. कुठं ठेवलं ते बनाबाईनं विचारलं नाही. धीरच झाला नाही तिला.

तेव्हापासून रत्ना रोज वेखंडात. भाकऱ्या टाकल्या की चालली खुरपं घेऊन. एवढ्याशा तुकड्यात रोज कसलं आलंय गवत? पण ही दुपारपर्यंत तिथं बसायची, आणि परत आली की जेवण नाही, बोलणं नाही. गळ्याची हाडं दिसायला लागली. त्यात माघात शेजारच्या सोनबाला नातू झाला नि त्याची बायको वेखंड मागायला आली. रत्नानंच मूळ काढून, धुऊन दिलं. मग चुलीपुढं बसून हमसून हमसून रडली. हे वेखंडच पोरीला खातंय, तिनं मनाशी धरलं. हे राहिलं तर सून हातची जाईल.

शिमगा झाला. पप्पू रत्नाला घेऊन भोरला तपासणीला गेला. एसटी वळणाआड गेली, तशी बनाबाई कुदळ घेऊन चिखलात उतरली. तीस वर्षांची मुळं ती, सुखासुखी निघतायत होय! म्हातारी रडत होती, शिव्या देत होती नि उपटत होती. वरच्या कडेला तीन चपटे दगड आडवे आले. "तुमी आनि कुठनं आलात रं?" म्हणत तिनं ते खालच्या ओढ्यात भिरकावले आणि तिथली माती ओढून सारखी केली.

दुपारच्या गाडीनं दोघं परतली. रत्ना सरळ रानात आली. उपटलेल्या ढिगाकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही. वरच्या कडेला बसून ती मातीवरून हात फिरवू लागली.

"आत्या, हितले दगड?" सासूला ती आत्याच म्हणायची.

"ते व्हय? फेकले वढ्यात. का गं?"

"ह्यांनी ठिवले व्हते. तिच्यावर."

बनाबाईनं कुदळ बाजूला टाकली. "मला का न्हाई सांगितलं गं बया?"

"तुमी इचारलंच न्हाई."

रागानं म्हणाली असती तर परवडलं असतं. नेमकं कुठं ठेवलं ते विचारायला बनाबाईनं पप्पूला हाक मारली. तो हितं म्हणाला, मग जरा तिकडं म्हणाला, मग तोंड फिरवून उभा राहिला. बनाबाई ओढ्यात उतरली. तिथं चपट्या दगडांना काय तोटा? तीन दगड पदरात घेऊन वर आली. रत्नानं बघून 'हे न्हवं' म्हणून मान हलवली.

ऊन कलू लागलं. उपटलेली पाती मलूल पडली होती. "आता ह्या तुकड्यात कुदळ न्हाई पडायची," बनाबाई म्हणाली, "म्या मेल्यावर बी न्हाई." गुडघे टेकून ती एकेक गड्डा न फोडता, पार वरच्या कडेपर्यंत परत रोवू लागली.

"हळू, आत्या," रत्ना म्हणाली. "हळू दाबा."