पांडेसऱ्यात मिरवलेला टोप

मित्रांनो, मी डोक्यावर घालायचा एक जुना पोलादी टोप आहे आणि आधीच कबूल करतो, मी गर्विष्ठ आहे. माझी हकिगत ऐकलीत तर तुम्हीच म्हणाल, याने मिरवू नये तर कुणी मिरवावं!

साडेचारशे वर्षांपूर्वी इटलीतल्या मिलान शहरात माझा जन्म झाला. एका कारागिराने पोलादाचा एकच पत्रा आतून ठोकून ठोकून मला घडवलं. कुठे सांधा नाही की डाग नाही. दोन्ही कानांवर सिंह, मागे द्राक्षांचे वेल आणि कपाळावर एका बाईचा चेहरा. तिच्या केसांच्या जागी वळवळणारे नाग! कोरलेल्या बारीक रेघांत त्याने सोन्याची तार बसवली. ती बाई म्हणजे जुन्या कथेतली राक्षसी. तिला पाहून शत्रूची गाळण उडावी, असा बेत होता.

माझा धनी लिओनेल्लो हा बड्या घराण्यातला सेनापती. लढाईत तो साधाच टोप घाली. मला मात्र विजयाच्या मिरवणुकीसाठी राखून ठेवलं होतं. उंच घोडा, वर धनी आणि सगळ्यांत वर मी! लोक जयजयकार करत आणि मला वाटे, हा सगळा माझाच. पण धनी होता मोठा शिस्तीचा. मिरवणूक आटोपली की नोकराचा हात लागू देत नसे. स्वतः तेलाच्या फडक्याने मला पुसून ठेवी. त्याची ती माया मला अजून आठवते.

तो गेला आणि माझे दिवस फिरले. वारसांनी मला माळ्यावर फेकलं. कुणा शहाण्याने गंज झाकायला माझ्यावर काळा रंग फासला. एका कोंबडीने तर माझ्यात अंडी घातली. शेवटी जुन्या लोखंडाच्या ढिगातून जहाजात चढलो आणि १९९७ साली सुरतेत येऊन पडलो. पांडेसऱ्यात, भूपेंद्रशेठच्या भंगारवाड्यात.

तिथे धुरपदाबाई लोखंड, पितळ, तांबं वेगळं काढायचं काम करी. खानदेशातून आलेली, पन्नाशीची, हाताला घट्टे पडलेली. अकरा वर्षं तिने एकच काम केलं होतं, त्यामुळे धातू तिच्याशी खोटं बोलू शकत नसे. मला हातात घेताच ती थांबली. तिने घासलेटाचा बोळा घेऊन काळा रंग हळूहळू पुसला. नागपंचमी होऊन दोनच दिवस झाले होते. खानदेशी घराघरांत कानबाई देवीच्या सणाची गडबड होती. अशात माझ्या कपाळावरची ती बाई आणि तिचे नाग उजेडात आले.

"माय वं!" धुरपदाबाईने तोंडावर हात ठेवला. "हाई ते कानबाई शे!"

मित्रांनो, मी हसावं की रडावं? जिला पाहून सैन्य पळावं, तिला या बाईने हळदकुंकू लावलं आणि डोक्यावर पदर घेऊन नमस्कार केला. त्या हळदीच्या बोटाला सोन्याची तारही लागली. धुरपदाबाईने ती ओळखली, पण चकार शब्द काढला नाही. सोनं कळलं तर शेठ ते खरवडून काढील, हे तिला ठाऊक होतं.

पण शेठची नजर माझ्यावर पडलीच. नव्या बंगल्याच्या शोकेसमध्ये मला ठेवायचं त्याने ठरवलं. "लोटू, एने ॲसिडमां नाख. एकदम चकाचक!" तो म्हणाला.

लोटू हा ॲसिडच्या टाकीवरचा कामगार. माझ्या छातीत धस्स झालं, छाती नसली तरी! ॲसिडात पडलो असतो तर तारेखालचं पोलाद खाल्लं गेलं असतं आणि सिंह, वेल, चेहरा सगळं सपाट झालं असतं.

"शेठ, नका ना," धुरपदाबाई म्हणाली.

"तने शुं? काम करवुं होय तो कर, नहीं तो घेर जा!"

अकरा वर्षांची रोजी जाणार होती. तरी तिने चपला काढल्या, लोटूच्या हातातून मला घेतलं आणि सरळ आपल्या डोक्यावर ठेवलं.

खानदेशात कानबाईला बाया डोक्यावर घेऊन मिरवत नेतात. तिची वाट कुणी अडवत नाही. लोटूही खानदेशचाच. त्याने सांडशी खाली ठेवली, पायातले बूट काढले आणि ओरडला, "सरका रे! कानबाई चालनी!"

ती फाटकाबाहेर पडली. शेजारच्या रंगाच्या कारखान्यातून निळ्या-जांभळ्या हातांच्या बाया धावत आल्या. कुणी गाणं धरलं, कुणी फुगडी घातली. ट्रक थांबले, रिक्षा थांबल्या. मागोमाग शेठ तणतणत आला आणि ती गर्दी पाहून जागीच थांबला. त्याने हात जोडले. "जवा दो," तो म्हणाला, "माताजी छे." दुसऱ्या दिवशी मला आपल्या खोलीत ठेवून धुरपदाबाई कामावर गेली, तेव्हा त्याने तिला एका शब्दानेही हटकलं नाही.

लिओनेल्लोच्या मस्तकावर मी पुष्कळ मिरवलो. पण माझ्यासाठी कुणी आपली भाकरी पणाला लावली, ती फक्त त्या दिवशी.

वर्षभराने एका संग्रहालयाचे साहेब माझी बातमी ऐकून धुरपदाबाईच्या खोलीवर आले. त्यांनी मला उलटून पालटून पाहिलं. दर आठवड्याला तिच्या हातचं तिळाच्या तेलाचं फडकं माझ्यावर फिरत होतं, गंजाचा ठिपका नव्हता. "इतकं सुंदर कुणी सांभाळलं?" त्यांनी विचारलं. मग हळूच म्हणाले, "बाई, पण ही देवी नाही हो. ही तिकडच्या, परदेशातल्या कथेतली राक्षसी."

मित्रांनो, जुन्या वस्तूचं नावगाव तुम्हांला ठाऊक नसलं तरी चालेल. तिला कोरडी ठेवा, हलक्या हाताने पुसा आणि चकाकीच्या हौसेपायी तिचा चेहरा घालवू नका. एवढंच माझं मागणं आहे.

धुरपदाबाईने साहेबांच्या हातातून मला घेतलं, पदराने कपाळ पुसलं आणि म्हणाली, "तठे व्हई राक्षसीन. आठे ती मनी माय शे."