बाळाचे ठोके ऐकणारा कर्णा

मित्रांनो, मी एक जुना कर्णा आहे, पण मी वाजत नाही. मी ऐकतो. वीतभर लाकूड, एका टोकाला चपटी चकती, दुसऱ्या टोकाला वाटीसारखं तोंड, मधून आरपार पोकळ. गरोदर आईच्या पोटावर वाटी टेकवायची, चकतीला कान लावायचा, की आतल्या बाळाच्या हृदयाचे ठोके ऐकू येतात. मला वीज लागत नाही की सेल लागत नाहीत.

खुर्च्यांचे पाय कातणाऱ्या एका कारागिरानं मला घडवलं. आमच्या दवाखान्यातल्या मोठ्या बाई तेव्हा नुकत्याच नर्स झाल्या होत्या. त्यांनी नेलेलं माझं चित्र पाहून तो म्हणाला, "तुतारी हवीय होय तुम्हाला?"

"फुंकायची नाही हो, ऐकायची! आणि एकही कुसळ ठेवू नका, रोज कान टेकवायचाय."

पुढची अठ्ठावीस वर्षं आम्ही दोघांनी दवाखान्यात मिळून काढली. पोट दचकू नये म्हणून बाई आधी माझी वाटी तळहातात ऊब येईपर्यंत धरायच्या. किती बाळं ऐकली, त्याची गणतीच नाही! एकच खंत होती. ठोके फक्त बाईंना ऐकू यायचे. आई बिचारी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहायची.

मग मुठीत मावणारं नवं यंत्र आलं. पोटावर फिरवलं की ठोके खोलीभर घुमतात आणि आकडाही दिसतो. पहिल्यांदा ते ऐकणारी आई हसता हसता रडली. खरं सांगतो, मला हेवा वाटला नाही. जे मला कधी जमलं नाही, ते त्यानं पहिल्याच दिवशी केलं. नव्यानं आलेल्या धाकट्या सिस्टरनी मला टेबलावर उभं केलं आणि माझ्या वाटीत पेनं खोवली. तेवढं मात्र लागलं मनाला.

एका दुपारी एक आई नवव्या महिन्याचं पोट सांभाळत, जिना चढून धापा टाकत आली. अंगात ताप होता. म्हणाली, "सिस्टर, सकाळपासून बाळ हललंच नाही."

धाकट्या सिस्टरनी यंत्र लावलं. "एकशे चोवीस! मस्त आहे की, ताई. झोपलं असेल."

"नाही हो, माझं बाळ असं झोपत नाही."

"अहो, यंत्र काय खोटं बोलतंय?"

पलीकडे पट्ट्या गुंडाळणाऱ्या मोठ्या बाई उठल्या. त्यांनी त्या आईचं मनगट धरलं आणि यंत्राकडे कान दिला. नाडीचा एक ठोका, यंत्राचा एक ठोका. दोन्ही अगदी एकाच वेळी!

"अगं, हे बाळाचं नाही, हिचंच काळीज धावतंय. तापानं आणि जिन्यानं!"

पेनं टेबलावर सांडली. मी पोटावर टेकलो. बाईंनी दोनदा जागा बदलली, श्वास रोखला. खाली डावीकडे मला ते सापडलं. दमलेलं, संथ, शंभराच्याही खाली गेलेलं.

"गाडी काढा! मोठ्या इस्पितळात फोन लावा."

धावत्या गाडीच्या खडखडाटात माझा काही उपयोग नव्हता. मला ठोके सापडले होते त्याच जागेवर बाईंनी नवं यंत्र धरलं. दुसरा हात आईच्या मनगटावर होता. वाटभर त्या यंत्रानं बाळाचा माग सोडला नाही. मुलगी झाली, ऑपरेशननं. नाळेचे दोन वेढे गळ्याभोवती होते. पण काय खणखणीत रडली!

इस्पितळातून परतल्यावर धाकट्या सिस्टर सांडलेली पेनं गोळा करू लागल्या. बाई म्हणाल्या, "चुकलीस, पण आता जन्मात विसरायची नाहीस. ये, कान लाव."

मित्रांनो, उद्या माझ्याहून आणि त्या यंत्राहूनही हुशार काहीतरी येईल. खुशाल येऊ द्या, त्याला नीट जपा, नीट वापरा. पण आई जेव्हा म्हणते, "आज काहीतरी वेगळं वाटतंय", तेव्हा आकडा दाखवून तिला गप्प करू नका. तिचं आधी ऐका, मग आम्हाला हातात घ्या.