बिघाडच न होणारा जावई

लेकीचं लग्न बाथटबमुळे अडलं होतं.

बाबा पंख्यांच्या कारखान्यात तपासणी विभागाचे साहेब. त्यांच्या मते जगातली प्रत्येक वस्तू बाथटबच्या आकारात जगते. नवी असताना धडाधड बिघडते, ही एक उभी भिंत; मग वर्षानुवर्षं बिनतक्रार चालते, हा सपाट तळ; म्हातारपणी पुन्हा कुरकुरते, ही दुसरी भिंत. म्हणून प्रत्येक पंखा विकण्याआधी ते कारखान्यातच गरगर पळवत. मोडायचंय ना, आमच्यासमोर मोड!

लेकीने निवडलेला मुलगा दर रविवारी चहाला येई. वेळेवर येई, कप विसळून ठेवी, वादात पडत नसे. बाबांची झोप उडाली.

"एकही बिघाड नाही! म्हणजे सगळे आत दडलेत. लग्नानंतर निघतील. माझा नकार."

"अहो, मुलगा चांगला आहे म्हणून नकार?" आईने विचारलं.

"चांगला नाही गं, न तपासलेला आहे."

लेकीने त्याला फोन लावला. "रविवारी एक कप फोड."

"कुठला?"

"कुठलाही! आईचा निळा सोडून."

एक गोष्ट ती विसरली. तो गोलकीपर होता.

रविवारी त्याने डोळे मिटून कप सोडला आणि जमिनीला टेकायच्या आत डाव्या हाताने झेलला, चहासकट. बाबांचा चेहरा पडला. मग बशी सोडली. ती पायाने उडवून हातात घेतली. आईने टाळ्या वाजवल्या. लेकीला भिंतीवर डोकं आपटावंसं वाटलं. तेवढ्यात बाबांच्याच कोपराने फुलदाणी कलंडली. मुलगा आडवा झेपावला.

"अरे, सोड की!" लेक ओरडली.

"सोड म्हणजे?" बाबा म्हणाले.

फुलदाणी छातीशी धरून मुलगा जमिनीवरूनच बोलू लागला. "बाबा, हे सगळं ठरवून चाललंय. मला नाटक जमत नाही. तुमच्या हातचा चहाही मला आवडत नाही. आणि मी घोरतो."

"अजून?" बाबांचे डोळे लकाकले.

"गाडी मागे घेताना दरवेळी कुठेतरी ठोकतो."

"वा! अजून?"

"तुमचा हा पंखा फार खडखडतो."

बाबांनी त्याला उठवून मिठीच मारली. "निघाले, सगळे निघाले! अगं, लग्नाची तारीख बघ!"

लेक सोफ्यावर उड्या मारू लागली. आई वर बघत म्हणाली, "पंख्याचं मात्र खरं बोलला हो."

"तो बिचारा दुसऱ्या भिंतीला लागलाय."

"आणि तुम्ही?"

उत्तर द्यायला बाबा ऐटीत खाली बसले. गुडघ्यांनी कुरकुरत ते परस्पर देऊन टाकलं.