बंडीच्या खिशातलं नेट

आमच्या घरातलं नेट आमच्या मालकांच्या बंडीच्या खिशात असायचं. मालक अंघोळीला गेलं की नेट खुंटीला. मालक भाजी आणायला गेलं की नेट भाजी मंडईत. हसू नका, खरं सांगतीया.

मालक म्हणजे माझं कारभारी, बापूसो मगदूम. भांड्यांचं दुकान पोराच्या, अनेकांतच्या, हातात देऊन घरी बसल्याली असामी. दुकान सुटलं, पण भाव पाडायची खोड काय सुटली न्हाय. कोथिंबिरीची पेंडी घेताना बाईला असं घोळात घेत्यात, की ती बिचारी वर चार मिरच्या टाकून हात जोडती.

सून प्रियदर्शनी पुण्याच्या कंपनीत कामाला. कंपनीनं तिला सांगितलं, "थोडे महिने कोल्हापुरातनं काम करून दाखवा. नेट अडखळायला लागलं तर परत पुण्याला यायचं." ती गेली की अनेकांतबी तिच्या मागनं जाणार, हे मला कुणी सांगायला नको. पण खरं सांगू? पोराचं मला एवढं न्हाय. मला ती पोरगी जायला नको व्हती. मी लग्न होऊन आल्यापासनं या घरात माझ्याशी कामाशिवाय बोलणारं ते पहिलं माणूस. दुपारी लॅपटॉप मिटला की येती, "आई, चहा टाकू?" म्हणती, आणि मग आम्ही दोघी मिळून निम्म्या पेठेची धुणी धुतो.

आल्या आल्याच तिनं विषय काढलता. "पप्पा, वायरीचं नेट घेऊया."

"आणि दर महिन्याला बिल कोण भरणार?" मालक कडाडलं. "माझ्या सिममधलं नेट रोज न वापरता वाया जातंय, त्याचं काय? वायर नको न् बियर नको!" त्याच तावात जाऊन वर्षाचं रिचार्ज मारून आलं. तिच्या सिमला घरात रेंज न्हाय, अनेकांतचा मोबाईल दिवसभर दुकानात, आणि माझा तर बटणाचा डबडा. त्यामुळं मालकांच्या मोबाईलवर हॉटस्पॉट लावायचा आणि त्यावर सुनेनं नोकरी करायची, असं ठरलं.

शेजारच्या जिनेंद्रनं त्याच आठवड्यात वायर घेतली. जोतीराम केबलवाला त्याच्या भिंतीला भोक पाडत हुता आणि आमचं मालक गॅलरीत उभं राहून वरडत हुतं, "जिनेंद्रा, पैसा लई झालाय व्हय रं?"

मग एकदा प्रियदर्शनीची मीटिंग रंगात आल्याली आणि मालक उठून रंकाळ्याला फिरायला गेलं. तिच्या साहेबाचं तोंड पडद्यावर उघडं ते उघडंच राहिलं. ती गॅलरीतनं हाका मारतीया, मालक कोपऱ्यावरनं हात हलवत्यात. साहेबानं दुसऱ्या दिवशी बजावलं, "आणखी एकदा असं झालं तर पुणं." त्या रात्री पोरगी जेवली न्हाय. मी मालकांना खिडकीशेजारी खुर्ची दिली आणि सांगितलं, हितनं हलायचं न्हाय. बसलं की! वर येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचं, "पुण्याची कंपनी माझ्या खिशावर चाललीया."

असं करत पर्युषण आलं. त्यातला उत्तम त्यागाचा, म्हंजे काहीतरी सोडायचा दिवस. मी आणि मालक सकाळी बस्तीत, म्हंजे आमच्या जैन देवळात, प्रवचनाला गेलतो. प्रियदर्शनी घरात कामात. तिला त्या वेळी मीटिंग नव्हती, म्हणून मालकांना तेवढी सुट्टी दिलती. दुसऱ्या दिवशी दुपारी मात्र तिच्या साहेबाची शेवटची मीटिंग हुती. कोल्हापुरात ठेवायचं का पुण्याला न्यायचं, हे त्यातच ठरणार हुतं, आणि साहेबाला घरातलंच नेट कसं चालतंय ते बघायचं हुतं.

पंडितजींनी त्यागावर असं काय सांगितलं, की बायका डोळं पुसायला लागल्या. मग म्हणालं, "पर्युषण संपून एकमेकांची क्षमा मागायचा दिवस येतो, त्या क्षमावाणीपर्यंत कोण काय सोडणार?" जिनेंद्र उठला. "मी टीव्ही सोडला." टाळ्या पडल्या. आमच्या मालकांना टाळ्या दुसऱ्याला पडल्याल्या कधी सोसत न्हाईत. ताडकन उठलं. "मी मोबाईल सोडला!"

काय टाळ्या पडल्या म्हणून सांगू! आणि आग लागो माझ्या हाताला, पहिली टाळी माझीच. बस्तीच्या कमिटीनं लोखंडी पेटी पुढं आणली. मालकांनी मोबाईल बंद केला, पेटीत ठेवला, कुलूप लागलं, फोटो निघाला. मला एवढा अभिमान वाटला, की वाटंत मी त्यांच्यासाठी पेढं घेतलं.

दारात प्रियदर्शनी उभी. "पप्पा, आलात? लावा ना हॉटस्पॉट."

मालकांचा हात बंडीच्या खिशावर गेला आणि तिथंच राहिला. मी पेढ्यांचा पुडा पदराखाली घेतला.

"कमिटीकडनं पेटी उघडून आणते," मी म्हटलं.

"न्हाय. नेम मोडायचा न्हाय." तोंड पांढरं पडल्यालं, पण शब्द ठाम. आणि खरं सांगायचं तर मलाबी त्यांचा नेम मोडायचा नव्हता. बस्तीत घेतल्याला नेम हाय, काय चेष्टा हाय का? प्रियदर्शनीनं सगळं ओळखलं. आत गेली आणि बॅगची चेन उघडल्याचा आवाज आला.

"अगं पोरी, थांब जरा!" मी आतल्या दिशेनं वरडले. मग मालकांकडं वळले. "आणि तुम्ही, चपला घाला. जोतीरामकडं चला."

"वायर?" मालक कण्हलं.

"वायर! न्हायतर मीबी जाते तिच्यासंगं पुण्याला. मग बसा खिडकीत, खिसा धरून."

गेलो. जोतीरामनं हसू दाबत मालकांचं नाव, पत्ता, मोबाईल नंबर घेतला. "काका, ओटीपी आलाय बघा. सांगा."

"कुठं आलाय?"

"तुमच्या मोबाईलवर की!"

मालकांनी बस्तीच्या दिशेला बघितलं. तिकडं पेटीत बंद मोबाईल, वर कुलूप, आणि किल्ली कमिटीकडं.

"दुसऱ्या कुणाच्या नावावर करू का?" जोतीराम म्हणाला. "काकू, तुमचा नंबर हाय न्हवं?"

माझा डबडा टुणकन वाजला. जोतीरामनं आकडं वाचलं आणि कागद पुढं केला. सौ. पद्मावती बापूसो मगदूम. घर मालकांच्या नावावर, गॅस मालकांच्या नावावर, दुधाचं खातंसुद्धा मालकांच्या नावावर. मी तो कागद उगंच दोनदा वाचला. पासवर्ड काय ठेवायचा, ते मी जोतीरामच्या कानात सांगितलं. मालक बाहेर पायरीवर बसलंतं.

संध्याकाळी सूर्य बुडायच्या आत वायर घरात आली. दुसऱ्या दिवशी साहेब एकदाबी अडखळला न्हाय. दीड तास बोलला मेला. मी आणि मालक स्वयंपाकघरात श्वास रोखून बसल्यालो. मग प्रियदर्शनी धावत आली आणि माझ्या गळ्यात पडली. "आई, मी इथंच!" मला रडू आवरंना. मालकांनी तिच्याकडनं तोंड फिरवून पाण्याचा तांब्या भरला, तो आधीच भरल्याला हुता.

क्षमावाणीला पेटी उघडली. घरी येऊन मालक खुर्चीत बसलं. आता सगळ्या गोतावळ्याला क्षमेचा मेसेज जाणार. कागलच्या व्याह्यांपासनं नृसिंहवाडीच्या पेढेवाल्यापर्यंत.

"पासवर्ड सांग गं," म्हणालं.

"तुमच्या सिममध्ये नेट हाय की. वर्षाचं मारलंय न्हवं?"

"वायरीचं बिल भरतोयच, मग सिमचं नेट कशाला जाळू?"

कपाळावर हात मारला मी. "स्वतःच बघा टाकून." त्यांनी अनेकांत टाकून बघितलं. प्रियदर्शनी टाकून बघितलं. देवाचं नाव टाकलं. काय उघडंना.

"सांगते," मी म्हटलं. "पण अख्ख्या जिल्ह्याची क्षमा मागताय, या घरात कधी तोंडानं मागितलीय का?"

मला वाटलं, आता आवाज चढणार. पण मालकांनी मोबाईल खाली ठेवला, उठलं आणि माझ्यापुढं हात जोडलं. "पद्मा, उत्तम क्षमा." मग सुनेकडं वळलं. "पोरी, तुला बॅग भरायला लावली मी. चुकलं माझं."

ती पाया पडायला वाकली. मीबी हात जोडलं. आधी टाळी वाजवल्याची क्षमा मागितली, आणि मग मनात धरल्याल्या सगळ्याची. डोळं भरलं माझं, लपवत न्हाय. मग सांगितलं, "बापूसो टाका."

"आँ?"

"पासवर्ड. तुमचंच नाव."

त्यांनी टाकलं. नेट उघडलं. मालकांनी नाक ओढलं, डोळं पुसलं. मग खुर्चीत मागं रेलून म्हणालं, "म्हणजे वायरीचं नेटबी शेवटी माझ्याच नावावर चालतंय म्हण की!"

"व्हय," मी म्हटलं, "आणि बिल माझ्या नावावर येतंय. भरा."