माझ्या गुडघ्याची वाटी

मी एक म्हातारा कुत्रा आहे. चणीने लहान, आवाजाने मोठा. डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय, पण नाक अजून शाबूत आहे. मित्रांनो, हे नाकाचं मुद्दाम सांगतो. का, ते पुढे कळेलच.

आमच्या घरात खाली पुस्तकं बांधायचा कारखाना आणि वर राहायच्या खोल्या. बाबा खाली पुठ्ठे कापायचे, खळ लावायचे. आई वर खिडकीजवळच्या खुर्चीत बसून पुस्तकं शिवायची. मी मूठभर असताना तिनंच मला कोटाच्या खिशात घालून आणलं. "बटणाएवढा तर आहे," ती म्हणाली, आणि मी बटण्या झालो. दुपारी काम आटोपलं की ती मांडीवर थाप मारायची. मी धडाधड जिना चढून उडी मारायचो आणि तिच्या मांडीत गोल होऊन झोपायचो. तिच्या बोटांना दोऱ्याला लावायच्या मेणाचा वास यायचा.

मग आई एका साध्याशा ऑपरेशनसाठी दवाखान्यात गेली आणि परत आलीच नाही. बाबा गप्प झाले. लेक नोकरी सोडून घरी आली, पण तिच्याशीही ते कामापुरतंच बोलत.

एका दुपारी, लख्ख ऊन पडलेलं असताना, वरून थाप ऐकू आली.

मी धावलो. खुर्चीत आई बसली होती. मान तशीच जराशी कललेली, हात तेच. मी उडी मारली आणि तिच्या मांडीतून आरपार जाऊन खुर्चीच्या फळीवर आपटलो, तिथून जमिनीवर. उजव्या गुडघ्यात काहीतरी सरकलं. तीन पायांवर उभा राहिलो, चौथा मागे ताणला, तेव्हा टक् झालं आणि गुडघा जागेवर बसला. वर पाहिलं तर ती हसतच होती. मी शेपूट हलवली. पण मला तिचा वास येईना. मेणाचा नाही, साबणाचा नाही, कसलाच नाही. कोऱ्या भिंतीलाही वास असतो, मित्रांनो. तिला नव्हता.

मागे दारात बाबा उभे होते. त्यांना रिकामी खुर्ची दिसत होती आणि माझी हलणारी शेपूट.

"आली का रे?" त्यांनी हळूच विचारलं.

मग हे रोजचंच झालं. थाप, जिना, उडी, पडणं. तुम्ही म्हणाल, वास नव्हता तर जायचास कशाला? डोळे सांगायचे आई आहे. आणि माझी शेपूट हलली की त्या दिवशी बाबा दोन घास जास्त जेवायचे.

गुडघा मात्र बिघडत गेला. लेक मला प्राण्यांच्या दवाखान्यात घेऊन गेली. डॉक्टरीणबाईंनी माझा पाय हळूच वाकवला, सोडला, परत वाकवला.

"गुडघ्याची वाटी तिच्या खाचेत राहतच नाही," त्या म्हणाल्या. "लहान जातीच्या कुत्र्यांत असतं हे. सुरुवातीलाच आणला असता तर वजन सांभाळून, उड्या बंद करून भागलं असतं कदाचित. आता मी वाटी बसवते आणि हात काढला की निसटते. ऑपरेशन करून खाच खोल करावी लागेल. नाहीतर सांधा झिजत जाईल. हा कुठून पडतो का हो रोज?"

"माहीत नाही," लेक म्हणाली. "आणि भूल? झेपेल त्याला?"

"धोका अजिबात नाही असं कुणीच सांगू शकत नाही. पण रक्त चांगलं आहे, हृदय चांगलं आहे. खरी कसोटी नंतरची. दीड-दोन महिने जिना नाही, उडी नाही. पिंजऱ्यात ठेवायचा."

घरी बाबांनी ऐकून घेतलं आणि खळीचा ब्रश आपटला.

"नाही म्हणजे नाही. एकदा टेबलावर पाठवून बघितलंय मी."

"बाबा, आईचं वेगळं होतं."

"सगळ्यांचं वेगळंच असतं."

"त्याला दुखतंय हो!"

"तो वर गेला नाही, तर मला कळणार कसं?" बाबांच्या तोंडून निसटलं.

"काय कळणार?"

बाबा ब्रश उचलायला वाकले. तेवढ्यात वरून थाप आली. मी सवयीने धावलो. माझ्यामागे बाबा आणि त्यांच्यामागे लेक. मी उडी मारली आणि पडलो. या वेळी पाय ताणूनही टक् झालं नाही. मी विव्हळत पडून राहिलो, आणि खुर्चीतून पुन्हा थाप आली. मग पुन्हा. हसू तेच.

"कोण थोपटतंय?" लेकीनं विचारलं. माझ्यासारखीच तिलाही थाप ऐकू आली होती.

"तुझी आई," बाबा म्हणाले.

लेकीला खुर्ची रिकामीच दिसत होती. "आई? बटण्याच्या पायात काटा गेला तर आईच्या घशाखाली घास उतरायचा नाही, बाबा. तो असा रडतोय आणि ही त्याला बोलावतेय?"

बाबा खुर्चीकडे पाठ करून माझ्यापाशी वाकले. थापा चालूच होत्या. त्यांनी मला दोन्ही हातांनी उचललं आणि छातीशी धरलं.

"डॉक्टरीणबाईंना फोन लाव," ते म्हणाले.

भूल चढताना मला वाटलं, आता खरी आई भेटेल. कुणी भेटलं नाही. नुसती झोप लागली. जागा झालो तेव्हा पाय जड होता, टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात भलंमोठं नरसाळं होतं, आणि बाबा शेजारी बसून माझ्या कानाशी काहीतरी पुटपुटत होते.

माझा पिंजरा कारखान्यात ठेवला. रोज वरून थापा यायच्या, आधी हळू, मग जोरात. मग जिन्याच्या वरच्या पायरीपाशी कुणीतरी येऊन थांबल्यासारखं वाटायचं. ते ऐकू येऊ नये म्हणून लेक तेवढ्यापुरतं कापायचं यंत्र चालू करायची आणि माझ्या पिंजऱ्याला पाठ टेकून बसायची. हळूहळू थापा बंद झाल्या. टाके निघाले, पट्टा लावून चार पावलं टाकू लागलो. पुढे डॉक्टरीणबाईंनी मला खोलीत मोकळं सोडायला परवानगी दिली.

त्याच आठवड्यात लेक बांधलेली पुस्तकं पोचवायला बाहेर गेली होती. बाबा पुठ्ठ्याला खळ लावत होते. वरून हाक आली.

"अहो! जरा वर येता का?"

आता ती मला बोलावत नव्हती.

बाबांच्या हातातला ब्रश गळला. इतके दिवस त्यांना थापसुद्धा ऐकू आली नव्हती, पण ही हाक ऐकू आली होती, चेहऱ्यावरच दिसत होतं. ते जिन्याकडे निघाले. झोपेत चालल्यासारखे.

मी धावलो. चारही पायांवर धावलो, मित्रांनो. गुडघा जागचा हलला नाही. पहिल्या पायरीवर मी त्यांच्या पँटची कड दातांत धरली.

"सोड रे बटण्या. ती बोलावतेय."

मी सोडली नाही. मान वर करून जिन्याकडे पाहिलं आणि गुरगुरलो. आईवर मी जन्मात कधी गुरगुरलो नव्हतो. हे बाबांना माहीत होतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग वर बघितलं, आणि ते तिथेच पायरीवर बसले.

"अहो, येताय ना?"

"नाही," बाबा रडत रडत म्हणाले. "नाही येत."

हाक अजून येते. रोज नाही, पण येते. बाबांचे केसही आता माझ्यासारखेच पांढरे झालेत, आणि कधीकधी ते विसरतात की त्या हाकेला वर जायचं नाही.

म्हणून एक विनंती आहे, मित्रांनो. तुमच्या घरचा एखादा छोटा जीव पाय उचलून चालू लागला, तर नखरे करतोय म्हणू नका. उद्या बघू म्हणू नका. त्याला दवाखान्यात न्या, त्याचं वजन वाढू देऊ नका, त्याला उंचावरून उड्या मारू देऊ नका. आणि माझ्यासाठी एवढंच मागा, की हा गुडघा आणखी काही वर्षं टिको. जिन्यापाशी मला बाबांच्या आधी पोचायचं असतं.